डोंगरावरची मेंढी, खालचा नफा

मेंढीपालनाचा सगळा हिशोब शेवटी एका आकड्यावर येऊन थांबतो. वर्षाअखेर एका मेंढीमागे दूध तुटेपर्यंत जगलेली कोकरे किती, आणि त्यांचे मिळून वजन किती? लोकर, कातडे, लेंडीखत हे सारे त्याच्या मागून येते. उत्तरेकडच्या थंड मुलखात हा आकडा वाढवणे जिकिरीचे काम आहे. तिथे मेंढी साधारणपणे वर्षातून एकदाच विते, गवत वाढते ते चार-पाच महिनेच, आणि कोकरू जमिनीवर पडते तेव्हा बाहेर ओला वारा तरी असतो नाहीतर वितळते बर्फ तरी. स्कॉटलंडपासून फिनलंडपर्यंत आणि आइसलँडपासून कॅनडापर्यंत माणसाने यावर जे उपाय केले, त्यांतला सर्वांत फलदायी आणि काही वेळा सर्वांत महागात पडलेला उपाय म्हणजे संकर. हे पुस्तक त्या संकराविषयी आहे.

संकर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गाय येते. जर्सी आणि होल्स्टीनचे रेतन गावोगावी पोहोचले, उरुळीकांचनच्या बाएफसारख्या संस्थांनी ते शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले, आणि ‘संकरित’ या शब्दाची सांगड दुधाच्या लिटरशी कायमची बसली. मेंढीची गोष्ट वेगळी आहे. गाईकडून एक वासरू आणि भरपूर दूध, एवढीच अपेक्षा असते. मेंढीकडून तीन गोष्टी हव्या असतात: तिने जास्त कोकरे द्यावीत, ती जगवावीत, आणि ती लवकर वजनाला भरावीत. निसर्गात या तिन्ही गोष्टी सहसा एका जातीत नांदत नाहीत. जी जात वर्षाला तीन-तीन कोकरे देते तिच्या अंगावर मांस बेताचे. जिच्या पुठ्ठ्यावर मांस आहे तिला डोंगरातला पाऊस सोसत नाही. जी डोंगरात टिकते ती अंगाने लहान आणि एका वेळी एखादे कोकरू देणारी. म्हणून मेंढीचा संकर बहुधा दोघांचा न राहता तिघांचा होतो, आणि त्यात कोण कोणाच्या आधी येते याला फार महत्त्व असते.

आधी थंडीविषयी बोलायला हवे, कारण तिच्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. थंडी मोठ्या मेंढीला मारत नाही. अंगावर पुरती लोकर असेल, पोट भरलेले असेल आणि पाठ कोरडी असेल तर पारा शून्याच्या बराच खाली गेला तरी मेंढी निवांत रवंथ करत बसते. सुक्या गवताचे पोटात आंबवण होताना जी ऊब तयार होते तीच तिची शेगडी. नॉर्वे आणि आइसलँडमध्ये तर मेंढ्या हिवाळ्यासाठी गोठ्यात घेतल्या की नोव्हेंबरच्या सुमारास त्यांची लोकर कातरतात. ऐकायला हे उफराटे वाटते, पण त्यात शहाणपण आहे. कातरलेली मेंढी जास्त खाते, तिच्या अंगाची वाफ लोकरीत साठून गोठा ओलसर होत नाही, आणि गाभणपणाच्या मध्यावर कातरणी झाली तर कोकरू जन्मतः थोडे वजनदार निघते.

थंडी मारते ती नवजात कोकराला. आईच्या पोटातल्या ३९ अंशांच्या उबेतून ते ओल्या अंगाने एकदम उघड्यावर येते. त्याच्या मूत्रपिंडांभोवती आणि खांद्यांपाशी तपकिरी चरबीचा छोटा साठा असतो. ही चरबी थेट जळून ऊब देते, पण ती काही तासच पुरते. तेवढ्यात पोटात चीक गेला तर कोकरू तरते. चिकातून ऊर्जा मिळते आणि रोगप्रतिकारक द्रव्येही मिळतात. ही द्रव्ये आतड्यातून रक्तात शिरू शकतात ती पहिल्या दिवसापुरतीच. पाच किलोचे एकुलते कोकरू या शर्यतीत बऱ्यापैकी सुरक्षित असते. तिळ्यातले तीन किलोचे कोकरू मात्र दोन्हीकडून अडचणीत येते, कारण वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठा असतो, म्हणजे ऊब लवकर जाते, आणि चरबीचा साठा मुळातच अपुरा असतो.

ब्रिटनच्या डोंगरी भागात मार्च-एप्रिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मेंढपाळाच्या खिशात म्हणूनच थर्मामीटर असतो. मान टाकून पडलेले कोकरू दिसले की तो आधी त्याचे तापमान घेतो. पारा ३७च्या खाली असेल तर पुढचा प्रश्न एकच: हे जन्मून पाच तास झाले की नाही? झाले नसतील तर पुसून कोरडे करायचे, उबेच्या पेटीत ठेवायचे, नळीने चीक पाजायचा. पाच तास उलटून गेले असतील आणि ते मान उचलत नसेल तर नुसती ऊब देणे घातक ठरते. चरबी संपलेली असते, रक्तातली साखर तळाला गेलेली असते, आणि अंग तापू लागताच उरलीसुरली साखर जळून कोकरू आचके देत मरते. म्हणून आधी किलोमागे १० मिलिलिटर या हिशोबाने २० टक्क्यांचे कोमट ग्लुकोज पोटाच्या पोकळीत टोचायचे आणि मगच ते उबेला ठेवायचे. संकरातून जास्त कोकरे मिळतात असे वाचताना हा थर्मामीटर, ही सुई आणि रात्री दोन वाजता ती धरणारा हात, हे सारे त्या वाक्यात धरलेले आहे हे वाचकाने विसरू नये.

कोकराचे जगणे केवळ माणसाच्या हातावर अवलंबून असते असेही नाही, ते रक्तातही असते. एडिनबरोच्या संशोधकांनी स्कॉटिश ब्लॅकफेस ही डोंगरी जात आणि सफोक ही मैदानी, मांसल जात शेजारी ठेवून निरीक्षणे केली. ब्लॅकफेसचे कोकरू लवकर उठून उभे राहते आणि लवकर सड धरते, सफोकचे रेंगाळते. मग त्यांनी एका जातीचे गर्भ दुसरीच्या पोटात वाढवून पाहिले. कोकराची चपळाई त्याच्या स्वतःच्या जातीवर गेली, आणि कोकराला चाटण्याची, जवळ घेण्याची आस्था मेंढीच्या जातीवर गेली. डोंगराने शेकडो पिढ्या ज्या मेंढ्या निवडल्या त्यांच्या अंगात हा पहिल्या तासाचा शहाणपणा मुरलेला असतो. मांसाचा बाजार त्याला वेगळी किंमत देत नाही. बाजारात तराजू असतो, आणि तराजूवर फक्त जगलेली कोकरेच चढतात.

आता संकर नेमके काय करतो ते पाहू. दोन लांबच्या जाती एकत्र आल्या की पहिल्या पिढीत दोघांच्या सरासरीपेक्षा काहीतरी जास्त हाती लागते. याला संकर-ओज म्हणतात. यातली गमतीची बाब अशी की ज्या गुणांची आनुवंशिकता कमी, म्हणजे निवड करकरून जे फार हळू सुधारतात, त्यांच्यातच संकर-ओज सर्वांत जास्त दिसते. कोकराचे तगणे, मेंढीचे गाभण राहणे, आईपण ही त्याची ठळक उदाहरणे. उलट लोकरीची जाडी किंवा मांसाचा घाट यांसारखे गुण निवडीने चांगले सुधारतात, पण संकर-ओजाने त्यांत विशेष भर पडत नाही. थंडीत नेमका पहिल्या गटातलाच माल हवा असतो. त्यामुळे उत्तरेकडे संकराला जे महत्त्व आले ते अपघाताने आलेले नाही.

पण या ओजाला एक अट आहे. पहिल्या पिढीत ते शंभर टक्के धरले तर त्याच पिढीतले नर-मादी आपसांत लावल्यावर पुढच्या पिढीत ते निम्म्यावर येते. संकरित मेंढी स्वतःसारखी मुलगी देऊ शकत नाही. ती हवी असेल तर दर वेळी पुन्हा मुळाशी, दोन शुद्ध जातींकडे जावे लागते. या एका अटीतून मेंढ्यांच्या संकराचे सगळे अर्थकारण निघते.

ते कसे, हे पाहायला इंग्लंडच्या उत्तर भागासारखी दुसरी जागा नाही. तिथली मेंढ्यांची व्यवस्था तीन पायऱ्यांची आहे. सर्वांत वर, उघड्या डोंगरमाथ्यांवर स्वेलडेल किंवा स्कॉटिश ब्लॅकफेस. काटक, शिंगाळ, भरड लोकरीच्या या मेंढ्या कुंपण नसतानाही आपापल्या डोंगराची हद्द ओळखतात. ही ओळख आई कोकराला चरता चरता देते, त्यामुळे असा कळप बाजारातून विकत आणून उभा करता येत नाही. या मेंढ्या शुद्ध पैदाशीच्याच ठेवतात. चार-पाच वेते झाली की दात झिजतात आणि माथ्यावरचे राठ गवत त्यांना तोडवत नाही. अशा उतरत्या वयाच्या मेंढ्या मधल्या पायरीवरचा शेतकरी घेतो, कारण तिथे गवत मऊ आणि आडोसा बरा असतो. तो त्यांना ब्लूफेस्ड लेस्टर मेंढा लावतो. हा मेंढा उंच, कमानदार नाकाचा, पातळ कातडीचा आणि थंडीला नाजूक, पण त्याच्या मुलींना जुळी होतात आणि दूध भरपूर येते. या जोडीतून जी मेंढी निघते तिला तिकडे म्यूल म्हणतात. हेक्सम, हॉज, कर्बी स्टीफनच्या बाजारांत दर शरद ऋतूत म्यूल कोकऱ्यांचे लिलाव लागतात. सर्वांत खालच्या पायरीवरचा, सपाटीवरचा शेतकरी त्या घेतो, त्यांना टेक्सेल किंवा सफोकसारखा मांसल मेंढा लावतो, आणि त्यातून आलेली कोकरे, नर असोत वा मादी, खाटकाकडे जातात.

ब्लूफेस्ड लेस्टरचे मूळ रॉबर्ट बेकवेलपर्यंत जाते. डिशलीच्या या शेतकऱ्याने अठराव्या शतकात जवळच्या नात्यातली पैदास आणि कडक निवड यांच्या बळावर नवी लेस्टर मेंढी घडवली आणि मेंढे विकण्याऐवजी हंगामापुरते भाड्याने देण्याचा धंदा चालवला. भाड्याने गेलेल्या मेंढ्याची पोरे इतरांच्या कळपात कशी निघतात हे त्याला घरबसल्या कळे. पुढची पायऱ्यांची व्यवस्था मात्र कोणा एकाने आखलेली नाही. पाऊस, उंची, गवत आणि बाजारभाव यांनी ती हळूहळू बसवली. तिच्यात वय झालेल्या मेंढीलाही काम आहे आणि नाजूक मेंढ्यालाही.

हा डोलारा तारखांच्या काटेकोरपणावर उभा असतो. दिवस लहान होऊ लागले की मेंढी माजावर येते आणि सुमारे १४७ दिवसांनी विते. गवत फुटायच्या बेताला कोकरे यावीत म्हणून मेंढा कळपात नोव्हेंबरच्या आसपास सोडतात. त्याच्या छातीला पट्ट्याने रंगाची खडूवडी बांधलेली असते. मेंढ्याने पाठीवर उडी घेतली की मेंढीच्या पुठ्ठ्यावर रंग उमटतो. मेंढीचे माजाचे चक्र साधारण १७ दिवसांचे, म्हणून तेवढ्या दिवसांनी वडीचा रंग बदलायचा. पिवळ्यावर निळा चढलेला दिसला की ती पहिल्या खेपेला गाभण राहिली नाही हे दुरूनच कळते. गाभणपणाच्या मध्यावर सोनोग्राफी होते आणि एक, दोन की तीन याप्रमाणे पाठीवर निराळी खूण पडते. एकवाल्या मेंढीला साधा चारा, तीनवालीला शेवटचे सहा आठवडे जादा खुराक. तो चुकला तर तिच्या रक्तातली साखर उतरते, शरीर स्वतःचीच चरबी भराभर जाळू लागते आणि मेंढी कोकरांसकट जाते.

ब्रिटनमध्ये संख्या वाढली ती लेस्टरच्या रक्ताने, दीड-दोन कोकरांपर्यंत. त्याच्याही पुढे जायचे म्हटल्यावर सगळ्यांची नजर आणखी उत्तरेला वळली. फिनलंडची फिनशीप आणि रशियात व्होल्गाकाठच्या यारोस्लाव्ल भागातली रोमानोव्ह, या दोन आखूड शेपटीच्या जाती. तीन कोकरे हे या दोघींचे नेहमीचे वेत, आणि चार-पाचही नवलाचे नाहीत. दोन्ही जाती शेतकऱ्यांच्या घराजवळ, छोट्या संख्येने, हिवाळाभर छपराखाली वाढल्या. रोमानोव्हचे नाव आधी झाले ते तिच्या कातड्याच्या कोटांसाठी. हलके आणि अतिशय उबदार असे हे कोट रशियन थंडीत वापरले जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्यांच्या कातड्यापेक्षा त्यांच्या अंडाशयाला भाव आला. १९६०च्या दशकात फिनशीप ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेत पोहोचली. रोमानोव्ह फ्रान्समार्गे १९८०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गेली.

शुद्ध फिनशीप पाळून मांसाचा धंदा होत नाही, कारण तिची चण बारीक आणि मांस बेताचे. तिचा उपयोग मिठासारखा, मापाने. अर्धे फिन रक्त असलेल्या मेंढीची वेते दोन्ही मूळ जातींच्या साधारण मध्यावर येतात. म्हणजे किती कोकरे हवीत हे ठरवून फिन रक्ताचे प्रमाण ठरवता येते. अमेरिकेत आयडाहोमधल्या ड्युबॉइसच्या मेंढी प्रयोग केंद्राने याच हिशोबाने १९६८पासून टार्गी, रँबुले, डॉर्सेट आणि फिनशीप या चार जाती एकत्र आणून पॉलिपे घडवली. कॅनडा सरकारच्या ओटावा येथील पशुसंशोधन केंद्राने तर अनेक जाती एकत्र करून एकदम तीन नव्या जाती बांधल्या: रिडो, ऊतावे आणि कॅनेडियन आर्कॉट. पहिल्या दोघींत फिन रक्त भरपूर, कारण त्या आया व्हायच्या होत्या. तिसरीत सफोक आणि इल-द-फ्रान्सचे, कारण तिचे नर मांसाच्या कोकरांचे बाप व्हायचे होते. दर वेळी मुळाशी जाण्याची कटकट नको म्हणून मिश्र रक्तच स्थिर करून टाकायचे, हा या वाटेचा विचार. पहिल्या पिढीचे काही ओज त्यात हातचे जाते, पण शेतकऱ्याला मुली आपल्याच कळपातून निवडता येतात.

या प्रयोगातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. ओटावाच्या त्या मेंढ्या बंदिस्त गोठ्यांत वाढल्या. दिवसाची लांबी दिव्यांनी कमी-जास्त करून त्यांना वर्षात कधीही माजावर आणले जाई आणि कोकरे आईपासून लवकर तोडून कृत्रिम दुधावर वाढवली जात. बाहेर कॅनडाचा हिवाळा, आत माणसाने बनवलेला शरद ऋतू. थंडीवरचा हा उपाय म्हणजे थंडीच वगळून टाकणे. तो चालतो, पण वीज, छप्पर, दूधपावडर आणि मजुरी यांची बेरीज कोकराच्या किमतीत बसली तरच. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या जाती शेतकऱ्यांच्या हाती आल्या आणि रिडो पुष्कळ ठिकाणी रुजली. पण ज्यांच्याकडे तिसऱ्या कोकराला पाजायला हात नव्हते, त्यांना तिसरे कोकरू म्हणजे नुसता खर्च.

याच्या अगदी उलट दिशेला सोव्हिएत कझाकस्तानचा प्रयोग उभा आहे. तिथे १९३०च्या दशकात शास्त्रज्ञांनी मेरिनो मेंढ्यांना अर्खार या रानटी मेंढ्याचे रक्त दिले. अर्खारची गुणसूत्रे ५६, पाळीव मेंढीची ५४, तरीही संतती प्रजननक्षम निघते. मेरिनोची बारीक लोकर आणि अर्खारचे पर्वत चढणारे पाय एकत्र यावेत, म्हणजे उंचावरची कुरणे बारीक लोकरीच्या मेंढ्यांना चरता येतील, हा हेतू होता. त्यातून निघालेल्या अर्खारो-मेरिनो जातीला १९५०मध्ये मान्यता मिळाली. आपल्याकडे काश्मीरमध्ये गद्दी, पुंछी, भाकरवाल मेंढ्यांना मेरिनो आणि रँबुले लावून काश्मीर मेरिनो घडवली गेली, तिच्यामागेही बारीक लोकरीचीच ओढ होती.

संकर महागात पडतो म्हणजे काय, हे आइसलँडइतके कोणी भोगलेले नाही. तिथली मेंढी हजारएक वर्षांपूर्वी नॉर्स वसाहतवाल्यांबरोबर आली आणि बेटावर जवळजवळ एकटीच राहिली. बाहेर लांब आणि पाणी झटकणारी लोकर, आत मऊ दाट लोकर, असा तिचा दुहेरी कोट. तिला ‘सुधारण्या’साठी बाहेरून मेंढ्या आणण्याचा मोह पुन्हा पुन्हा झाला आणि दर वेळी बरोबर रोग आला. अठराव्या शतकात खरूज आली. ती हटवायला मोठी कत्तल करावी लागली. १८७८मध्ये आणलेल्या एका मेंढ्याबरोबर स्क्रेपी आला असे मानतात. मेंदूचा हा असाध्य रोग अजून पुरता गेलेला नाही. एवढे होऊनही १९३३ साली, मंदीच्या काळात, कोकरांच्या किमती कातड्यांतून पैसा उभा राहील या आशेने जर्मनीतल्या हाले येथून २० काराकुल मेंढ्या आणल्या गेल्या. दिसायला त्या निरोगी होत्या. दोन महिने अलग ठेवून त्या वेगवेगळ्या भागांत वाटल्या गेल्या.

त्यांच्या अंगात फुप्फुसाचा सांसर्गिक कर्करोग होता, मेडी-व्हिस्ना हा विषाणूजन्य रोग होता, आतड्याचा क्षयासारखा रोग होता. या रोगांची लक्षणे दिसायला महिने, कधी वर्षे लागतात. दोन महिन्यांचे विलगीकरण त्यांच्यापुढे कुचकामी होते. आइसलँडच्या मेंढ्यांनी हे रोग कधी पाहिलेच नव्हते, त्यामुळे त्या भराभर बळी पडल्या. देशभर कुंपणे घालून भाग पाडले गेले, बाधित भागांतले कळपच्या कळप कापले गेले. रोगाने आणि कत्तलीने मिळून लाखो मेंढ्या गेल्या. रिकाम्या झालेल्या शेतांवर वायव्येच्या फ्योर्डांतून आणि ईशान्येतून, म्हणजे जिथे काराकुल पोहोचली नव्हती तिथून, देशी मेंढ्या आणून पुन्हा बस्तान बसवले गेले. मेडी हटायला १९६५ साल उजाडले. या आपत्तीतून विज्ञानाला एक गोष्ट मिळाली. केल्डुरच्या प्रयोगशाळेतल्या ब्यर्न सिगुर्दसन यांनी या आजारांवरून १९५४ साली ‘संथ संसर्गा’ची कल्पना मांडली. ज्या विषाणू गटात व्हिस्ना मोडतो त्याच गटात पुढे एचआयव्ही सापडला. शेतकऱ्याच्या मेंढ्या मात्र गेल्या त्या गेल्या.

यातला खरा टोला पुढेच आहे. जे बाहेर शोधले ते पुष्कळसे घरात होते. आइसलँडच्याच थोका नावाच्या एका मेंढीच्या वंशात जुळ्या-तिळ्यांचे जनुक निघाले. आणि १९व्या शतकापासून छळणाऱ्या स्क्रेपीला रोधणारा जनुकप्रकार २०२२ साली पूर्व आइसलँडमधल्या एका शेतावरच्या देशी मेंढ्यांत आढळला. आता त्याच मेंढ्यांची पैदास वाढवून देशभर प्रतिकार पसरवण्याचे काम सुरू आहे.

दूरच्या थंडीवरच्या या पुस्तकाशी महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथेच, एका जनुकाच्या वाटेने. बंगालच्या सुंदरबनातली गारोळ मेंढी अंगाने एवढीशी, मोठी झाली तरी १०-१५ किलोंची. पाणथळ, दमट मुलखात गरीब माणसाच्या दारात राहणारी ही मेंढी जुळी-तिळी देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही बंगाली मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या आणि तिथल्या कळपांत मिसळून दिसेनाशा झाल्या. दीडएकशे वर्षांनी न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळच्या थंड पठारावर, ‘बूरूला’ या मालमत्तेतल्या मेरिनो मेंढ्या अवाजवी कोकरे देताना आढळल्या. कारण शोधता शोधता एकच प्रभावी जनुक हाती लागले. २००१मध्ये त्यातला नेमका बदल कळला आणि पुढल्या वर्षी तो गारोळमध्येही दिसला. तोवर बूरूलाचे रक्त न्यूझीलंड, फ्रान्स, इस्रायलपर्यंत पोहोचलेले होते. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नारी’ने, गारोळचे तेच जनुक दख्खनी मेंढीत आणले आणि ‘नारी सुवर्णा’ हा वाण घडवला. एकेक कोकरू देणाऱ्या दख्खनीला जुळी होऊ लागली. डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम धनगरांच्या चालत्या कळपांपर्यंत नेले. जनुक कोकरांची संख्या वाढवते, पण जुळ्यांना लागणारे दूध आईने खाल्लेल्या चाऱ्यातूनच यावे लागते. फलटणचा दुष्काळ आणि स्कॉटलंडचा गारठा यांचा हिशोब या ठिकाणी सारखाच लागतो.

पुढील प्रकरणांत प्रत्येक देशाचा, प्रत्येक संकराचा तपशील येईल. तो वाचताना चार प्रश्न हाताशी ठेवावेत असे मला वाटते. या संकराने वाढवले काय: संख्या, वजन, की जगण्याची शक्यता? वाढलेल्या कोकरांना पाजायला चारा, छप्पर आणि माणूस कुठून आला? बाहेरून आणलेल्या जनावराबरोबर आणखी काय आले? आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या देशी कळपावर संकर उभा आहे तो शुद्ध राखतो कोण, आणि त्याला मिळते काय?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ सगळीकडे सारखेच अस्वस्थ करणारे आहे. इंग्लंडच्या माथ्यावर स्वेलडेल राखणाऱ्या शेतकऱ्याची जमीन सर्वांत हलकी, कोकरे सर्वांत लहान. तो बराचसा सरकारी अनुदानावर तगतो, तर त्याच्या मेंढीच्या नातवंडांवर सपाटीवरचा शेतकरी चार पैसे जोडतो. सुंदरबनातल्या ज्या माणसांनी गारोळ सांभाळली त्यांना त्यांच्या मेंढीचे रक्त कुठकुठे पोहोचले याचा पत्ताही नसेल. संकरित मेंढी स्वतःसारखी मुलगी देऊ शकत नाही, हे आपण वर पाहिले. म्हणजे वरचा शेतकरी थकून मेंढ्या विकून उतरला तर खालच्याचा नफाही दोन-चार पिढ्यांतच आटतो. म्हणून संकराच्या नफ्यात मूळ कळप राखणाऱ्याचा वाटा ठरवून ठेवला पाहिजे. तो चांगल्या मेंढ्याच्या भाड्यासारखा रोख असो, शुद्ध कळपासाठी मिळणारे अनुदान असो, की मुळातल्या मेंढ्यांना मिळणारा चढा भाव असो. कुठल्याही सरकारी संकर योजनेचा कागद पुढे आला की सुधारित मेंढ्यांच्या आकड्यांआधी त्यात या वाट्याची ओळ आहे का, हे वाचकाने शोधावे. नसेल तर ती योजना आजचे भांडवल खाऊन उद्याचा नफा दाखवते आहे, असे खुशाल समजावे.